साठ दिवसांचं कुलूप

आपल्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी फेस्टच्या महिनाभर आधी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "अरे, गेल्या वर्षीची साइट कुणाच्या मेलवर होती?" मग शोधाशोध. ज्याच्या मेलवर होती तो सीनियर पास होऊन बंगलोरला गेलेला, त्याचा कॉलेजचा मेल बंद, नंबर बदललेला. साइट उघडावी तर तिथे भलत्याच जाहिराती. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणतं, "जाऊ दे, नवीन नाव घेऊ," आणि जुन्या नावाला नव्या वर्षाचं शेपूट लावून नवीन डोमेन विकत घेतलं जातं. पोस्टर परत छापा, स्पॉन्सरना परत कळवा.

या चर्चेत मी सहसा गप्प असतो. मला यातलं कळत नाही म्हणून नव्हे. जरा जास्तच कळतं, आणि ते कसं कळलं हे सांगायची लाज वाटते म्हणून! पण संपादकांनी मराठी विभागासाठी लेख मागितला, रूममेटने "तुझी आमचूरची स्टोरी लिही" म्हणून भुणभुण लावली, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

मी धडगावचा. नंदुरबार जिल्हा, अक्राणी तालुका. वडील आश्रमशाळेत शिक्षक, त्यामुळे लहानपण सगळं सातपुड्यात गेलं. धडगाव म्हटलं की तुम्हांला काही आठवणार नाही. पण तुमच्या पाणीपुरीच्या पाण्यातला आंबटपणा कदाचित आमच्याकडचा असेल, कारण आमच्या भागाची ओळखच आमचूर. मे महिन्यात तुम्ही आलात तर खडकांवर, पत्र्यांवर, अंगणात, जिथे ऊन पडेल तिथे कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतील. बायका, पोरं, म्हातारी माणसं सगळी कैऱ्या सोलायला बसलेली. आणि एखादा वळीव आला की सगळ्या गावाची एकच धावपळ. भिजलेली फोड काळी पडते आणि काळ्या फोडीला व्यापारी भाव देत नाही.

आमच्या शेजारच्या मावशी एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष. व्यापाऱ्याला माल न देता थेट गिऱ्हाइकाला द्यायचा असं त्यांच्या गटाने ठरवलं होतं. पाकिटं छापली, पाकिटावर लेबल, आणि लेबलवर वेबसाइटचं नाव. नावाच्या शेवटी डॉटकॉम. दुसऱ्या एका गावातल्या कॉम्प्युटर डीलरने ती साइट करून दिली होती. पुण्या-नाशिकच्या प्रदर्शनांत ज्यांनी एकदा पाकीट नेलं ते त्या नावावरच्या मेलवर पुढची ऑर्डर देत. म्हणजे गटाचं दुकान म्हणा, पाटी म्हणा, ते नाव हेच होतं.

२०२३ चा मे. मी डिप्लोमाची शेवटची परीक्षा देऊन घरी आलेलो. डायरेक्ट सेकंड इयरच्या ॲडमिशनला अवकाश, काम काही नाही. मावशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तो साइटवाला दरवर्षी पैसे वाढवतो. ती साइट त्याच्याकडून काढून आपल्याकडे आणता येते का?"

मी डिप्लोमाला सेकंड टॉपर. म्हटलं, "त्यात काय, दोन दिवसांत करून देतो." आयुष्यातलं एक महागडं वाक्य.

तर आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण कॉम्प्युटरच्या पोरांनाही ते नीट माहीत नसतं. डॉटकॉमची एक मोठी वही आहे. ती व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, तिला म्हणायचं रजिस्ट्री. त्या वहीत नोंद करायचा अधिकार ज्यांना आहे ते रजिस्ट्रार. आणि रजिस्ट्रारच्या वतीने गावोगाव नावं विकतात ते रीसेलर. आमच्याकडच्या भाषेत, रजिस्ट्रार म्हणजे तलाठी, आणि रीसेलर म्हणजे तहसीलबाहेर टेबल टाकून अर्ज भरून देणारा. नाव आपण विकत घेत नाही, वर्षाच्या बोलीवर घेतो, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. सगळ्यांचे नियम ठरवते आयकॅन ही संस्था, १९९८ ची. (डॉट इनचं वेगळं. ते आपल्याकडची निक्सी बघते.)

१९९९ पर्यंत डॉटकॉम विकणारी एकच कंपनी होती, नेटवर्क सोल्युशन्स. दुकानच एक म्हटल्यावर दुकान बदलायचा प्रश्न नव्हता. मग इतरांना परवानगी मिळाली आणि भांडण सुरू झालं. गिऱ्हाईक जायला निघालं की जुनं दुकान "आम्हांला मालकाची संमती मिळाली नाही" असं सांगून नाव अडवून ठेवायचं. यावर तोडगा म्हणून १२ नोव्हेंबर २००४ पासून ट्रान्स्फरचे नवे नियम लागू झाले. जुन्या रजिस्ट्रारला ५ दिवसांची मुदत. त्यात त्याने काही कारण देऊन नकार दिला नाही तर नाव हललं असं समजायचं. म्हणजे मौन ही संमती! फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि १५ दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की नोंद मंजुरीला जाते, अगदी तसं.

यात धोका आहेच. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं स्वतःचंच नाव असं परस्पर ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न आयटीकडे सरकलं. शनिवार-रविवार, कुणी फोन उचलेना, आणि हजारो ग्राहकांचे मेल भलतीकडे. मालकाची परवानगी तपासायची पायरी नव्या बाजूच्या एका रीसेलरकडून गळली होती. म्हणून मग कुलपं आणि कोड यांचं महत्त्व वाढलं. आज नाव हलवायचं तर आधी जुन्या रजिस्ट्रारकडचं ट्रान्स्फर लॉक काढायचं, मग त्याच्याकडून ऑथ कोड घ्यायचा, तो नव्या रजिस्ट्रारला द्यायचा. मोबाइल नंबर पोर्ट करताना १९०० वर मेसेज टाकून कोड मागवतो ना, तोच प्रकार. मावशींनाही मी हेच उदाहरण दिलं. त्यांनी नंबर पोर्ट केलेला होता, कारण त्यांच्या पाड्यावर एकाच कंपनीची रेंज येते. त्यांना पटकन कळलं. "म्हणजे नंबर तोच, सिम दुसरं." बरोब्बर.

इथपर्यंत मलाही कळलं होतं. पुढे घोटाळा झाला.

वहीत नाव कुणाचं आहे ते आधी पाहिलं. मालक म्हणून डीलरच्या दुकानाचं नाव! मेल त्याच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या एका मुलाचा. तो मुलगा सुरतेला निघून गेलेला, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. गटाचं नाव कुठेच नाही. गटाकडे होत्या चार वर्षांच्या पावत्या, त्यावर लिहिलेलं "वेबसाइट चार्जेस".

मावशी ते ऐकून थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी एक. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं त्या प्रकल्पात बाधित झाली. ज्यांची नावं यादीत घोषित म्हणून होती त्यांना जमीन मिळण्याची वाट तरी होती. अघोषितांना आधी 'आम्ही इथे राहत होतो' हेच सिद्ध करायचं होतं. मावशींच्या काकांचं त्यातच आयुष्य गेलं. मला त्या एवढंच म्हणाल्या, "राहिलो आम्ही, कागदावर दुसराच." आणि कैऱ्या सोलायला लागल्या. तोवर माझ्यासाठी ही एक असाइनमेंट होती. त्या वाक्यानंतर पोटात गोळा आला.

डीलरला फोन केला. माणूस वाईट नव्हता, पण धंदा सोडायला कुणाला आवडतं? आधी म्हणाला, डोमेन लॉक आहे, ट्रान्स्फर होत नाही. मग म्हणाला, साठ दिवस लागतात. मग म्हणाला, आधी मेंटेनन्सचे पैसे द्या. शेवटी मी वडिलांना बोलायला लावलं (मास्तरांचा वट असतो राव आमच्याकडे), तेव्हा त्याने वैतागून एका संध्याकाळपुरता त्याच्या पॅनेलचा पासवर्ड दिला. "काय करायचं ते करून घे, उद्या बदलणार."

तारीख २७ मे. घरात नेट नाही. देशातला पहिला आधार नंबर २०१० साली आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला, पण आमच्या घरी त्या आधारचा ओटीपी यायला आजही छपरावर जावं लागतं. मी लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन गावामागच्या टेकडीवर गेलो. बॅटरी अर्धी. रेंज येतेय, जातेय. पॅनेल उघडलं.

आता इथे माझं डोकं कसं चाललं बघा. वहीत मालक डीलर, मेल मेलेला. तर आधी मालकाच्या जागी आपलं नाव आणि आपला मेल टाकू, म्हणजे नाव आपलं झालं. एकदा आपलं झालं की मग आरामात हलवू. कुणालाही हेच सुचेल. मी फॉर्म भरला. जुन्या बाजूची मंजुरी डीलरनेच, एजंट या नात्याने, दिली. माझ्या मेलवर आलेल्या लिंकवर मी टिचकी मारली. झालं! उड्या मारत खाली आलो. आईने विचारलं, "काय व्हयनं रे?" म्हटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी छपरावर बसून नियम वाचले. हो, दुसऱ्या दिवशी! जर्नल सबमिशनला आपण आधी लिहितो आणि मग प्रॅक्टिकल समजून घेतो, त्यातलंच.

१ डिसेंबर २०१६ पासून नियम असा की मालकाचं नाव, संस्था किंवा मेल बदलला की पुढचे ६० दिवस ते नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलत नाही. चोराने मेल बदलून लगेच माल दुसरीकडे पळवू नये म्हणून. हे कुलूप नको असेल तर बदल करण्याआधी तसं सांगता येतं, पण ती सोय द्यायची की नाही हे रजिस्ट्रारच्या मर्जीवर. आमच्या रजिस्ट्रारने दिली होती. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक चौकट होती, खूण करायची. मी स्क्रोल करून पुढे गेलो होतो. कॅप राउंडमध्ये न वाचता 'फ्रीझ' दाबणाऱ्यांना हसायचो मी.

आणि याहून वाईट म्हणजे, त्याच पॅनेलमध्ये 'ऑथ कोड मिळवा' असं बटण होतं. मी काहीही न बदलता लॉक काढून कोड घेतला असता तर काम झालं असतं. जुन्या रजिस्ट्रारचा पत्ता नसलेल्या मेलवर विचारणा गेली असती, तिकडून उत्तर आलं नसतं, पाच दिवस गेले असते आणि मौन म्हणजे संमती या न्यायाने नाव हललं असतं. नव्या घरी गेल्यावर मग पाटी बदलायची. घर बदलणं आणि पाटी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि क्रम चुकला की दाराला कुलूप. डीलर "साठ दिवस लागतात" म्हणाला होता तेव्हा ते खोटं होतं. मी ते खरं करून दाखवलं.

कुलूप उघडणार २६ जुलैला. आणि नावाची मुदत संपत होती ९ जुलैला.

मुदत संपल्यावर काय होतं? नाव लगेच जात नाही. डॉटकॉमला साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असू शकतो, पण तो पूर्ण देण्याचं रजिस्ट्रारवर बंधन नाही. त्यात साइट आणि मेल बंद पडू शकतात. मग ३० दिवस सोडवणुकीचे, त्यात जबर दंड भरून नाव परत मिळतं. शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते बाजारात, जो आधी घेईल त्याचं. मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना मालकाच्या मेलवर यायलाच हव्यात असा नियम आहे. आधीच्या वर्षांत त्या सुरतेच्या मुलाच्या मेलवर जात असणार. जून-जुलै म्हणजे गटाच्या विक्रीचा हंगाम, माल नुकताच वाळून भरलेला. त्या दिवसांत मेल बंद पडला तर पाकिटावरचं नाव म्हणजे नुसती शाई.

मावशींना सांगायला तीन दिवस लावले. रोज ठरवायचो आणि परत यायचो. शेवटी सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्या म्हणाल्या, "पैसे भरून चालतं का?" चालत होतं. पण पैसे भरायचे डीलरच्याच हातात. त्याने ३,५०० सांगितले. एरवी तेच काम हजाराच्या आसपास होतं. गटाच्या बैठकीत यावर दोन तास चर्चा झाली, पावरी भाषेत. मला निम्मीच कळली आणि कळलेली पुरे होती. मी शिष्यवृत्तीतून निम्मे देतो म्हणालो. त्यांनी घेतले. मला बरं वाटलं.

इथे मात्र मी आधी वाचलं. डीलर म्हणत होता, "घाई काय, मुदत संपल्यावर भरा, सवलत असते." पण मुदत संपल्यावर सवलतीच्या काळात पैसे भरले आणि त्याच ४५ दिवसांत नाव दुसरीकडे हलवलं, तर ते भरलेलं वर्ष उडतं. ट्रान्स्फरचं एक वर्ष मिळतं तेवढंच. म्हणून मी हट्टाने ४ जुलैला पैसे भरायला लावले. मुदत ९ जुलै २०२४ झाली. एवढी एक गोष्ट मी बरोबर केली, तिची नोंद असावी.

२६ जुलै आला. पाऊस धो धो, चांदसैली घाटात दरड, गावात दोन दिवस वीज नाही. २८ ला छपरावरून डीलरला कोड मागितला. उत्तर नाही. परत मागितला. "मेंटेनन्स बाकी आहे." तोवर मी नियम ओरलच्या तयारीसारखे पाठ केले होते. ट्रान्स्फर नाकारायची कारणं ठरलेली आहेत. फसवणुकीचा पुरावा, मालक कोण याबद्दल रास्त शंका, नावाचेच मागच्या मुदतीचे पैसे थकलेले, मालकाची स्वतःची हरकत, साठ दिवसांचं कुलूप, कोर्टाचा हुकूम, असं. वेबसाइटच्या मेंटेनन्सचे पैसे त्यात नाहीत. आणि मालकाने मागितल्यावर ५ दिवसांत कोड द्यावाच लागतो, रीसेलर मध्ये असला तरी. मी रीसेलरला सोडून थेट वरच्या रजिस्ट्रारला इंग्रजीत मेल लिहिला. माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र, ज्यात 'रिस्पेक्टेड सर' नव्हतं. चौथ्या दिवशी कोड आला. अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळी खिचडी. नव्या रजिस्ट्रारकडे भरला, एका वर्षाचे पैसे भरले, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नाव हललं. मुदत आपोआप एक वर्षाने वाढून ९ जुलै २०२५.

मी पेढे घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला, हातातच ठेवला, आणि विचारलं, "आता कागदावर नाव कोणाचं?"

मी म्हणालो, "माझं. म्हणजे... तुमचंच."

पुढे काही बोलता आलं नाही. मी खरंच विसरून गेलो होतो. डीलरच्या जागी मी, त्या सुरतेच्या मुलाच्या मेलच्या जागी माझा मेल. आणि मी तर महिन्याभरात ॲडमिशन घेऊन चाललेलो! चार वर्षांनी मी कुठे असणार होतो कोण जाणे. त्या ओरडल्या नाहीत, याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक. गटाच्या नावाने, गटाच्या फोनवर, नवीन मेल उघडला. सचिव असलेल्या ताई बारावी झालेल्या, त्यांनी सगळं स्वतः टाइप केलं, मी फक्त बाजूला बसलो. एका आजींनी विचारलं, मराठीत नाव नाही का मिळत? मिळतं म्हटलं, २०१४ पासून डॉट भारत आहे, देवनागरीत. त्यावर त्या म्हणाल्या, "मग हे इंग्रजी कशाला घेतलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लेबलं छापून झाली होती, हेच खरं उत्तर.

मालक बदलला म्हणजे परत ६० दिवसांचं कुलूप. ट्रान्स्फर झाल्यावरही ६० दिवस नाव हलत नाहीच. या वेळी मी चौकट वाचली, सगळ्यांना वाचून दाखवली, आणि खूण न करता कुलूप राहू दिलं. आता कुठे जायचंच नव्हतं.

पासवर्ड कुणाकडे ठेवायचा यावर पुन्हा चर्चा. मी आपला दोन पायऱ्यांची पडताळणी वगैरे समजावत होतो. बचत गटाची पैशांची पेटी असते, तिची पद्धत तुम्हांला माहीत असेल. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. मावशी म्हणाल्या, तसंच करा. पासवर्डचा पहिला अर्धा भाग अध्यक्षांच्या वहीत, दुसरा सचिवांच्या वहीत, आणि ओटीपी गटाच्या फोनवर. ठराव वहीत तारीख लिहिली, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. माझा मेल पूर्ण काढून टाकला. माझ्याकडे काहीच उरलं नाही, फक्त लॅपटॉपची बॅग.

मी सप्टेंबरमध्ये इथे आलो. २०२५ च्या जूनअखेरीस आमची परीक्षा चालू होती. आठवण झाली म्हणून पेपरच्या आदल्या रात्री गच्चीवरून सचिव ताईंना फोन लावला, म्हटलं ९ जुलै जवळ आली, पैसे भरायचेत, मी करून देऊ का?

त्या म्हणाल्या, "कधीच भरले. दोन वर्षांचे भरलेत. तू अभ्यास कर."